एका दिवशी एकच देश

गाझियाबादला आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, ते काका वार देशांनी ओळखत. मंगळवार आणि गुरुवार इटली, शनिवार फ्रान्स, रविवार इंग्लंड. उरलेले दिवस काकूंचे.

"आज कुठला देश?" काकू सकाळीच स्वयंपाकघरातून विचारत. "म्हणजे मला कळेल, कुकर लावायचा की डाळ पातेल्यात शिजवायची."

फ्रान्सच्या दिवशी कुकर बंद. शिट्टीचा सूर काकांच्या पट्टीत बसत नसे. इटलीच्या दिवशी मात्र चालायचा, कारण इटालियन लोक, काकांच्या मते, गोंगाटातच वाढलेले. त्या दिवशी खिडक्याही उघड्या हव्यात. नोव्हेंबरात, बाहेर समोरची इमारत दिसत नाही इतका धूर भरलेला असताना, काका खिडक्या उघडत आणि काकू येऊन लावत. "इटलीत शेतातली पराली, पेंढा, जाळत नव्हते हो," त्या म्हणत. काका पुन्हा उघडत.

मूळचे अमरावतीचे, पण नोकरीची सगळी वर्षं दिल्लीत, नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेलेली. तरुणपणी, खोलीवर एकटे असताना, एका परदेशी वकिलातीच्या वाचनालयात फुकट रेकॉर्डी ऐकायला मिळतात आणि तिथे एसी आहे असं कळलं, म्हणून जायला लागले. एसीसाठी गेले आणि बरोक संगीतात अडकले. बरोक म्हणजे युरोपात सतराव्या शतकात सुरू झालेलं आणि अठराव्याच्या मध्यापर्यंत चाललेलं संगीत. हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याआधी तो शब्द मी सोफ्याच्या जाहिरातीत वाचला होता.

त्या संगीतातही त्यांना रस होता तो एकाच गोष्टीत. कुठल्या देशाचं? पहिले चार सूर ऐकले की ते देश सांगत आणि मग तिथली सरहद्द राखत बसत. खात्यात असताना सीमारेषेवर शाईचा ओघळ आला तर अख्खा कागद बाद व्हायचा. तीच सवय. दोन देश एका दिवशी वाजवायचे नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम.

मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्या भिंतीवरच्या युरोपच्या जुन्या नकाशात तर इटली नावाचा देशच नाही. सगळी छोटी छोटी संस्थानं आहेत."

"मग?"

"मग इटालियन शैली कुठून आली?"

"महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी लोक मराठी बोलत नव्हते का?" ते म्हणाले आणि वाद्याची पट्टी लावायला लागले.

संगीतकारांची नावं ते कधीच सांगत नसत. "नाव सांगितलं की माणूस मान डोलवायला लागतो आणि ऐकायचं थांबतो." माणसांनाही ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी मिरज. शेजारच्या गल्लीतले थॉमसजी, जे एका कार्यालयात अकाउंट्स बघत आणि रविवारी चर्चमध्ये चेलो, म्हणजे खर्जाचं मोठं व्हायोलिन, वाजवत, ते कोट्टायम. काकू वर्धा. "लग्नाला इतकी वर्षं झाली," काकू म्हणत, "अजून माझी बदली झालेली नाही."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती बोटामुळे. मी एका मंत्रालयात स्टेनोग्राफर. ऑफिसातल्या स्टीलच्या कपाटाचं दार डाव्या हातावर बसलं आणि अनामिका आणि करंगळी, दोन्ही मोडली. ऑपरेशन झालं, तारा घातल्या, काढल्या. अनामिका सुधारली. करंगळी लाकडासारखी ताठ राहिली. टायपिंग करताना ती मध्येच कुठेही आपटायची आणि साहेबांच्या पत्रात नको ती अक्षरं उमटायची. आमचे अंडर सेक्रेटरी सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, जब तक हाथ ठीक नहीं होता, आप डाक सेक्शन देख लीजिए. टेंपररी है."

सरकारी नोकरीत टेंपररी म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. डाक सेक्शनमध्ये आठ वर्षांपूर्वी टेंपररी आलेल्या एक बाई होत्या. येणाऱ्या लिफाफ्यांवर शिक्के मारायचे, दुसरं काही नाही. माझी परीक्षा जवळ येत होती, वरच्या पदाची. टायपिंग आल्याशिवाय ती देता येणार नव्हती. करंगळी वाकली नाही तर मी निवृत्त होईपर्यंत शिक्के मारणार, इतका साधा हिशोब होता.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं, स्पंजचा बॉल दाबा, कणीक मळा. कणीक मी तशीही मळत होते, त्याने काही होत नव्हतं. मग मला कपाटावरचं व्हायोलिन आठवलं. मिरजेला शाळेत असताना शिकले होते, दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या, लग्नानंतर पेटी उघडली नव्हती. नवऱ्याची बदली जबलपूरला, मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. संध्याकाळी रिकाम्या घरात मी मांडी घालून बसले आणि यमन घासायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी काका वर आले. मला वाटलं, तक्रार घेऊन आले.

"व्हायोलिन आहे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आहे. त्रास होत असेल तर..."

"त्रास होतोच आहे. स्वतःचं आहे? मागून आणलेलं नाही?"

"स्वतःचं."

"उद्या मंगळवार आहे. खाली या."

मी हात दाखवला, बोट ताठ आहे म्हणून सांगितलं. त्यांनी बोटाकडे बघितलं, जसं कोणी भाड्याने दिलेल्या खोलीतल्या गळक्या नळाकडे बघेल तसं. "उद्या इटली आहे," ते म्हणाले. "इटलीत चालेल."

इटलीत का चालेल, ते मला खाली गेल्यावर समजलं. काकूंच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनवर एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता. त्यात जुन्या हार्पसिकॉर्डचा टणटणीत, तारा छेडल्यासारखा आवाज लावलेला. माझ्यासाठी सतरंजी अंथरलेली. समोरच्या कागदावर संथ चालीचा एक तुकडा आणि त्यात फार काही लिहिलेलं नाही. लांब लांब सूर, एकमेकांपासून दूर.

"एवढंच?" मी विचारलं.

"इटालियन लोक एवढंच लिहीत. मधलं वाजवणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं भर. नसेल तिथे थांब. कुणी विचारणार नाही."

मी तीन बोटांनी भरलं. मींड घेतली, आलापात घेतो तशी, आमच्याकडे करंगळीवाचून बरंचसं निभतं. काकांनी तोंड वाकडं केलं. "इतकी ओढू नको. त्यांचा गवय्या श्वास घेतो मध्ये. पण चालेल." अपघातानंतर माझ्या हाताला "चालेल" म्हणणारे ते पहिलेच.

दोन महिने मी नुसती इटली वाजवली आणि खूश होते. मग एका गुरुवारी काका म्हणाले, "शनिवारी ये."

शनिवारी ते बंद गळ्याच्या कोटात बसले होते. पायात बूट. जून महिना, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा. मला माझ्या तारा उतरवायला लावल्या, कारण पॅरिसची पट्टी खाली असे. कागद बघितला आणि माझं तोंड उतरलं. प्रत्येक दुसऱ्या सुरावर काहीतरी चिन्ह. बारीक अधिकचं चिन्ह, लाटेसारखी रेघ, आकडी.

"हे सगळं वाजवायचं?"

"सगळं. जसं लिहिलंय तसं, जिथे लिहिलंय तिथे. फ्रेंच माणूस तुला मोकळीक देत नाही. हे अधिकचं चिन्ह म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधलं कंपन, आणि ते वरच्या सुरापासून सुरू करायचं. वरचा सूर कुठल्या बोटावर येतो?"

करंगळीवर येत होता.

"काका, ते बोट वाकत नाही."

"फ्रान्समध्ये वाकतं," ते म्हणाले.

ते दिवस मी विसरणार नाही. बोट दुखायचं, सुजायचं. काकू मला आत नेऊन गरम पाण्यात मीठ घालून हात बुडवायला लावत आणि बाहेर ऐकू जाईल असं बोलत: "स्वतः कोट घालून बसायचं आणि दुसऱ्याच्या पोरीला राबवायचं." मी पन्नाशीला टेकले होते. पोरगी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बरं वाटायचं.

फ्रान्सचा आणखी एक चमत्कारिक भाग होता. कागदावर सगळे सूर सारखे लिहिलेले, पण वाजवायचे एक लांब, एक आखूड, किंचित झोकात. हे कुठेही लिहिलेलं नाही. तिथल्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊकच असे. परदेशी माणूस लिहिल्याप्रमाणे वाजवी आणि पकडला जाई. काका मला आणि थॉमसजींना व्हरांड्यात त्या लयीत चालायला लावत.

"कोट्टायम, यह चलना है, भागना नहीं. राजा आ रहा है."

"अंकलजी," थॉमसजी घाम पुसत म्हणत, "राजा इतना स्लो आएगा तो दरबार छूट जाएगा."

समोरच्या घरातले शर्माजी बाल्कनीत चहा घेत हे बघत. एकदा त्यांनी मला दूधवाल्यापाशी गाठून हळूच विचारलं, अंकलजींना पायाचं काही दुखणं झालंय का आणि आम्ही त्यांना चालवायला शिकवतोय का. मी हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

इंग्लंडचा रविवार सोपा वाटायचा आणि नव्हता. इंग्रजांची एक पद्धत काकांना प्रिय होती: खाली मोजकेच सूर, तेच ते, चक्रासारखे फिरत राहतात आणि वर सुरावट दर वेळी बदलते. वरचं काका कीबोर्डवर वाजवत. खालचं चक्र मला दिलेलं. त्यातला एक सूर बरोबर करंगळीवर. तास-तासभर तेच. कंटाळून मी म्हटलं, "काका, हे थॉमसजींचं काम आहे, चेलोचं."

"कोट्टायमला रविवारी चर्च असतं."

चर्च सकाळी असे आणि आम्ही दुपारी चारला बसत होतो. मी चक्र पुन्हा पहिल्या सुरापासून सुरू केलं.

चार-पाच महिन्यांत बोट हलायला लागलं. आधी टोक, मग मधला सांधा. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कौन सी एक्सरसाइज़ कर रही हैं?" मी म्हटलं, "फ्रान्स और इंग्लैंड." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढचा पेशंट बोलावला. पण त्याच भेटीत त्यांनी हेही सांगितलं की आता यापुढे फारसं सुधारणार नाही. आहे तेवढं टिकवा. ते टिकलं आणि हवं तेव्हा चाललं, तर माझी खुर्ची परत मिळणार होती. मधूनच ते आकडत असे, दार अडकावं तसं, आणि कधी आकडेल ते सांगता यायचं नाही. परीक्षा हिवाळ्यात होती.

त्याच सुमारास गणपती आले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने काकांना पंधरा मिनिटं दिली, लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसनंतर आणि पैठणीच्या खेळाच्या आधी. देणारे लोक सभ्य होते, काका मंडळाचे जुने सभासद होते म्हणून दिली. मी सुचवलं, "इटली घेऊ या. वेग आहे, लोकांना आवडेल."

"गणपतीसमोर फ्रान्स," काका म्हणाले. "राजा दरबारात येतो तेव्हाचं संगीत आहे. दुसरं काय वाजवणार तिथे?"

मला हे पटलं, हे सांगायला हवं. मात्र फ्रान्समध्ये करंगळीची सुटका नव्हती. आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की इथे, माणसांसमोर, बोट चाललं तर परीक्षेतही चालेल. असं ठरवण्यात काही अर्थ नसतो. पण ठरवलं.

कम्युनिटी सेंटरचा हॉल भरलेला. मावळ्याच्या वेषातली एक मुलगी पहिल्या रांगेत लाडू खात होती. काका कोटात, कीबोर्डपाशी, थॉमसजी चेलो घेऊन. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि चेहरा असा की यात माझा काही संबंध नाही. राजाचं आगमन बरं झालं. लोक जरा सावरून बसले. मग संथ नाच आला. त्याचे दोन भाग आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, अशी रीत. पहिल्या भागाच्या शेवटी ते अधिकचं चिन्ह, वरच्या सुरापासून.

बोट आकडलं.

सूर आलाच नाही. तिथे एक खड्डा पडला, मला तरी हॉलभर दिसेल एवढा. आणि आता तोच भाग पुन्हा वाजवायचा होता, त्याच चिन्हापर्यंत. बोट तारेच्या वर काठीसारखं उभं. मी काकांकडे बघितलं. एका परदेशी वादकाच्या मैफिलीतून, त्याने फ्रेंच नाचात मनाचे दोन सूर घातले म्हणून, मध्येच उठून आलेला हा माणूस.

काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी पुनरावृत्ती सुरू केली, पण चिन्हाच्या जागी पोचल्यावर हाताखालचे सूर पसरून धरले, तानपुऱ्यासारखे, आणि लय सोडून दिली. थांबले. मान किंचित हलवली. जा, म्हणून. मोकळं रान होतं. मी तीन बोटांनी निघाले, मींड घेत, मिरजेत शिकले होते तशी, काका खाली नुसते सूर धरून. थॉमसजींनी एकदा दचकून वर बघितलं आणि आपला खालचा सूर सोडला नाही, त्याबद्दल त्यांचेही उपकार. परत आल्यावर काकांनी राजा पुन्हा चालवायला घेतला, झोकात, जणू मध्ये काही झालंच नाही. दुसऱ्या भागातही त्यांनी तसंच केलं.

टाळ्या पडल्या. एक बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "सुरुवातीचं जरा जडच गेलं हो, पण नंतर आपल्यासारखं वाटलं. ते छान होतं." काका शेजारीच उभे होते. मी मनात म्हटलं, आता स्फोट.

घरी जाताना ई-रिक्षात आम्ही चौघं, कीबोर्ड थॉमसजींच्या मांडीवर आणि चेलो आडवा सगळ्यांच्या. स्फोट अजून झाला नव्हता. शेवटी काकूंनीच विषय काढला.

"काय हो, आज फ्रान्सची हद्द कुणी मोडली?"

"कुणी नाही."

"मला कळतं तेवढं. इतकी वर्षं पातेल्यात डाळ शिजवली आहे मी."

काका रस्त्याकडे बघत होते. "फ्रान्स नव्हतंच ते," ते म्हणाले. "जर्मनांकडे स्वतःचं फार काही नव्हतं. त्यांनी फ्रेंचांचा नाच घेतला, इटालियनांचं गाणं घेतलं, दोन्ही एकत्र केलं आणि त्याला चांगली अभिरुची म्हणाले. आज आपण जर्मनी वाजवली."

"अच्छा!" थॉमसजी म्हणाले, कारण जर्मनी एवढं त्यांना समजलं. "मुझे लगा गलती हो गई."

"गलती कैसी?" काका म्हणाले. "प्रोग्राम में था."

काकू हसायला लागल्या आणि घर येईपर्यंत हसत होत्या. पुढच्या आठवड्यापासून बुधवार जर्मनीला गेला. काकूंचा एक दिवस कमी झाला. त्यांनी त्याची तक्रार केली, पण माझ्यादेखत केली नाही.

परीक्षेच्या दिवशी बोट दोनदा आकडलं. मी थांबले नाही. दोन्ही वेळा अनामिका सरकवून तो भाग निभावला आणि करंगळी सुटल्यावर तिला परत कामाला लावलं. पास झाले. खुर्ची मिळाली, पुढे पद मिळालं आणि त्याबरोबर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर. काका-काकू आता नागपूरला मुलीकडे असतात. व्हायोलिन मी चालू ठेवलं आहे. थॉमसजी दर रविवारी चर्च आटोपून मेट्रोने येतात, चेलो पाठीवर घेऊन.

आभार मानायचे तर ते वेळेवर आणि स्पष्ट मानावेत असं माझं मत आहे. निकाल लागला त्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन खाली गेले होते. तयारी करून गेले होते. म्हटलं, काका, तुम्ही माझा हात परत दिलात. डॉक्टरांनी सोडून दिला होता. तुम्ही इटलीने सुरुवात केली, मग फ्रान्स, मग ते इंग्लंडचं चक्र, हे सगळं माझ्या बोटासाठी जुळवून केलंत, मला कळलं नाही असं समजू नका.

काकांनी पेढा घेतला. माझ्याकडे जरा गोंधळून बघितलं. मग काकूंकडे बघितलं.

"बोटासाठी?" ते म्हणाले. "मला व्हायोलिन हवं होतं. सबंध गाझियाबादमध्ये मला दुसरं मिळालं नाही. त्याच्याबरोबर हे बोट आलं, त्याला मी काय करणार?"